ओल्या चामड्याची घडण

चष्म्याचं एखादं चांगलं चामडी घर हातात घेऊन पाहावं. त्याचा पुढचा भाग सपाट नसतो. चष्मा मावेल एवढा फुगवटा त्याला असतो, आणि त्या फुगवट्यावर कुठे शिवण नसते, चुणी नसते, आतून पुठ्ठा लावलेला नसतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या पेट्या, दुर्बिणींची घरं, सुऱ्यांची म्यानं, फ्लॉरेन्समध्ये बनणारं बिनशिवणीचं नाण्यांचं पाकीट, आणि हातानं बॅगा शिवणारे कारागीर हल्ली बॅगेच्या दर्शनी बाजूला लावतात ते फुगीर खिसे, या सगळ्यांमागे एकच क्रिया आहे. सपाट चामडं भिजवायचं, फर्म्यावर ताणून बसवायचं आणि तिथेच वाळू द्यायचं. कारागीर तिला ‘वेट मोल्डिंग’ म्हणतात. मी तिला ओली घडण म्हणतो.

सांगायला एवढीशी असलेली ही क्रिया मतभेदांनी मात्र गच्च भरलेली आहे. चामडं पाण्यात बुडवायचं की नुसतं ओलसर करायचं? पाणी गार हवं की कोमट? वाळवताना ऊब द्यावी का, आणि किती? क्रोमचं चामडं घडतं की नाही? आधी शिवावं की आधी घडवावं? प्रत्येक कारागिराचं उत्तर वेगळं, आणि प्रत्येकाच्या हातची वस्तू त्याच्या उत्तराची साक्ष देणारी. ही उत्तरं एकमेकांशेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट दिसते. वाद बहुतेक वेळा फर्म्याचा, शिकंज्याचा, दाबाचा होतो आणि उत्तर पाण्यापाशी असतं. दाबानं आकार येतो हे खरं. तो राहणार की नाही, हे पाणी आत कसं शिरलं आणि बाहेर कसं पडलं यावर ठरतं.

म्हणून सुरुवात चामड्याच्या आतून करायला हवी. कातड्याचा मुख्य घटक कोलॅजन नावाचं प्रथिन. त्याचे तीन-तीन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात. अशा पिळांचे तंतू होतात, तंतूंच्या जुड्या होतात, आणि या जुड्या कातड्याच्या जाडीत सगळ्या दिशांनी एकमेकींत गुंतलेल्या असतात. कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं. वाळलं तर तंतू एकमेकांना घट्ट चिकटून ते टणक होतं. कमावताना नेमकं या तंतूंच्या मध्ये काहीतरी शिरवलं जातं. बाभळीच्या सालीत, हिरड्यात, तरवडाच्या सालीत जे टॅनिन असतं, ते तंतूंच्या मधल्या जागा भरून काढतं आणि ठिकठिकाणी हायड्रोजन बंधांनी कोलॅजनला धरून बसतं. सालीच्या चामड्याच्या वजनाचा मोठा वाटा या टॅनिनचाच असतो. ते हाताला भरीव लागतं ते त्यामुळे.

हायड्रोजन बंध एकेकटा कमजोर असतो. पाणी आत शिरलं की त्याचे रेणू या बंधांच्या जागा घेतात आणि तंतू एकमेकांवरून सरकायला मोकळे होतात. आपण चामडं ताणतो, दाबतो, अंगठ्यानं फर्म्याच्या कडेवर बसवतो, तेव्हा हे सरकणं चाललेलं असतं. पाणी निघून जाऊ लागलं की बंध पुन्हा जुळतात, पण आता नव्या जागी. आकार पक्का होतो तो त्या वेळी. ओल्या चामड्याला कितीही जोरानं दाबून लगेच सोडलं तर ते बऱ्याच अंशी परत येतं. उलट बेताच्या दाबात ते पुरतं वाळू दिलं तर बोटाच्या नखाची खूणसुद्धा जन्मभर राहते.

क्रोमच्या चामड्याचं गणित निराळं. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची कल्पना जर्मनीत फ्रीडरिख क्नाप यांनी १८५८मध्ये मांडली आणि न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्झ यांच्या १८८४च्या पेटंटनंतर ती कारखान्यात रुजली. सालीच्या हौदात जे काम आठवडे-महिने घेत होतं ते ढोलात फार थोड्या वेळात होऊ लागलं, आणि आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच असतं. क्रोमियम कोलॅजनच्या कार्बॉक्सिल गटांना असं धरतं की पाण्यानं ती पकड सुटत नाही. शिवाय ते चामडं मऊ राहावं म्हणून त्यात भरपूर तेल मुरवलेलं असतं. असं चामडं भिजतं, ताणतं, आणि वाळलं की पुष्कळसं जुन्या आकाराकडे वळतं.

यावरून ‘क्रोमचं चामडं घडतच नाही’ असं सरसकट सांगितलं जातं, ते मात्र अर्धंच खरं आहे. जगभरचे बूट क्रोमच्या चामड्याचे असतात आणि ते कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, ओढून, ओल आणि ऊब देऊनच आकाराला आणलेले असतात. पण तिथे चवड्यात आणि टाचेत कडक अस्तर घातलेलं असतं, खाली तळ ठोकलेला असतो, आणि चामडं कलबुतावर बराच वेळ राहतं. म्हणजे आकार धरून ठेवायला दुसरं कोणीतरी असतं. बॅगेच्या खिशाला किंवा चष्म्याच्या घराला असा आधार नसतो, चामड्यालाच स्वतःचा सांगाडा व्हावं लागतं. त्या कामाला सालीचंच चामडं हवं.

दुकानात मात्र हा फरक नेहमी सांगितला जात नाही, आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही तो ठाऊक नसतो. पाण्याचा थेंब टाकून पाहणं ही सर्वांत सोपी परीक्षा. सालीचं चामडं थेंब पिऊन गडद होतं. पण क्रोमनं कमावून वर सालीचा हात दिलेलं चामडंही बाजारात असतं आणि ते या परीक्षेत उत्तीर्ण होतं. कापलेल्या कडेकडे पाहावं. मध्यभागी निळसर-राखाडी रेघ दिसली तर क्रोम. तीही रंगात लपली असेल तर एक बारीक पट्टी उकळत्या पाण्यात टाकावी. सालीच्या चामड्याची पट्टी बघता बघता आखडते, वळते, कडक होते. क्रोमची जवळजवळ तशीच राहते. माझ्या मते घडणीसाठी चामडं घेणाऱ्यानं नमुन्याचा तुकडा मागून ही एक परीक्षा तरी करावीच. पुढचे सगळे कष्ट तिच्यावर उभे आहेत.

आपल्याकडे सालीच्या चामड्याची परंपरा मोठी आहे. तामिळनाडूत तिरुचिरापल्ली, दिंडिगल, इरोड भागात तयार होणारं ‘ईस्ट इंडिया’ चामडं एके काळी अर्धवट कमावलेल्या स्थितीत लंडनच्या बाजारात जात असे. त्याला आज भौगोलिक मानांकन आहे. ते मुळात कमावलं जाई ते तरवडाच्या सालीत. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी ओळखू येणारं झुडूप तेच. पुदुच्चेरीच्या ‘हायडिझाइन’नं १९७८पासून वनस्पतींत कमावलेल्या चामड्याच्या बॅगांवरच आपलं नाव उभं केलं. आणि कोल्हापुरी चप्पल तर आपल्या दारातली. चपलेच्या चामड्यासाठी कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी भरून ती टांगून ठेवण्याची रीत या पट्ट्यात आहे. पाणी कातड्यातून आपोआप पाझरत राहतं आणि जाताना टॅनिन मागे ठेवतं. २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. म्हणजे ओल्या घडणीला लागणारं चामडं तयार करण्याची विद्या इथे शतकानुशतकं आहे. तरीही शहरातला हौशी कारागीर इटलीच्या टस्कनीतून आलेला तुकडा चढ्या भावानं मागवतो. त्याला कारणं आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो.

चामडं कोणत्या भागाचं, हा पुढचा प्रश्न. पाठीचं चामडं घट्ट विणीचं. ते कमी ताणतं पण आकार कडक धरतं. खांद्याचं थोडं सैल, जास्त ताणणारं, कधी मानेच्या वळ्या दाखवणारं. पोटाचं सर्वांत लवचीक आणि सर्वांत बेभरवशाचं, कारण एका बाजूला ओढलं तर दुसऱ्या बाजूला सुरकुततं. उथळ घरासाठी पाठ, खोल घडणीसाठी खांदा, असा ढोबळ नियम बहुतेक अनुभवी लोक पाळतात आणि तो मला पटतो. जाडीबद्दल फारसा वाद नाही. चष्म्याच्या घराला दीड ते दोन मिलिमीटर, बॅगेच्या फुगीर खिशाला दोनच्या आसपास, सुरीच्या म्यानाला तीन किंवा थोडी जास्त. अमेरिकन पुस्तकांत जाडी औंसात दिलेली असते. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

भिजवण्याबद्दल दोन पंथ आहेत. एक पंथ चामडं कोमट पाण्यात पूर्ण बुडवतो आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत ठेवतो. दुसरा स्पंजानं दोन्ही बाजूंनी ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत काही तास मुरवत ठेवतो. नीट पाहिलं तर दोघं वेगवेगळ्या वस्तू करत असतात. उथळ फुगवटा, नक्षी किंवा घडी हवी असेल तर मुरवलेली ओल पुरते. तिनं वरची कातळी, म्हणजे दाण्याची बाजू, नीट राहते आणि वाळायलाही वेळ कमी लागतो. खोल घडणीत मात्र चामड्याच्या मध्यभागी कोरडा थर राहिला तर तिथले तंतू सरकत नाहीत आणि सगळा ताण दाण्यावर येऊन तो फाटतो. तिथे बुडवण्याला पर्याय नाही. पण बुडवलेलं चामडं लगेच फर्म्यावर चढवू नये. आत पाणी साचलेलं असताना ते नुसतं लोळतं, आकार धरत नाही. वरचं पाणी टिपून, रंग मूळ रंगाकडे परतू लागेपर्यंत थांबावं. गालाला लावलं तर गार लागावं पण ओलं लागू नये, ही नक्षीकाम करणाऱ्यांची खूण इथेही खरी ठरते. आकार घेण्याची उत्तम वेळ ती.

कोमट पाणी चामड्यात लवकर शिरतं. भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब किंवा थोडं स्पिरिट घातलं तरी तेच होतं. यातल्या कशानंही आकार जास्त टिकत नाही, फक्त मुरण्याचा वेळ वाचतो. तेल किंवा मेण भरपूर पाजलेलं चामडं आणि वर प्लास्टिकसारखा लेप दिलेलं चामडं पाणी घेतच नाही. त्याच्यावर कितीही उपाय केले तरी ते या कामाचं नाही.

आता फर्मा. साधी आणि जुनी पद्धत दोन भागांची. वस्तूच्या आकाराचा लाकडी ठोकळा आणि त्याच्याभोवती बसणारी चौकट. ठोकळ्यावर ओलं चामडं टाकायचं, वरून चौकट दाबून बसवायची, शिकंजे आवळायचे. चौकटीचं भोक ठोकळ्यापेक्षा प्रत्येक बाजूला चामड्याच्या जाडीएवढं मोठं हवं. त्याहून लहान असेल तर कड घासली जाते, मोठं असेल तर कड लुळी पडते. ठोकळ्याच्या वरच्या कडा निदान चामड्याच्या जाडीएवढ्या गोलाव्याच्या असाव्यात. तीक्ष्ण कडेवर दाणा तडकतो. चामडं वाळताना किंचित आकसतं, म्हणून ठोकळा वस्तूपेक्षा थोडा मोठा ठेवावा, अस्तर लावायचं असेल तर आणखी थोडा. हल्ली ठोकळे त्रिमितीय छपाईनं करून घेतात. ते सोयीचं आहे, पण नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा ऊब देणाऱ्यानं ते वापरू नये.

दुसरी पद्धत हाताची. वस्तूच, किंवा तिची लाकडी प्रतिकृती, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून चामड्यात बसवायची आणि हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत पट्टीनं कडेकडेनं घोटत जायचं. म्यानं करणारे असंच करतात, आणि त्यांच्या कामात वस्तूचा प्रत्येक उंचवटा उमटतो. अल स्टोलमन या अमेरिकन कारागिराची पेट्या आणि म्यानं करण्यावरची पुस्तकं आजही या पद्धतीची पाठ्यपुस्तकं मानली जातात. मला स्वतःला बॅगेच्या कामात ठोकळा-चौकट बरी वाटते, कारण एकसारखे दोन खिसे हवे असतात. एकुलत्या वस्तूला मात्र हाताच्या घोटण्याची सर येत नाही.

या साऱ्यात खरी परीक्षा कोपऱ्याची. सरळ कडेवर चामडं नुसतं वाकतं. कोपऱ्यात त्याला दोन दिशांनी एकदम वळायचं असतं आणि तिथे कापड, कागद, चामडं, सगळ्यांचीच अडचण एक. मोदकाची पारी वर उचलताना जसा तिचा घेर जास्त होतो आणि कळ्या पाडाव्याच लागतात, तसं ठोकळ्याच्या कोपऱ्याशी चामडं उरतं. हे उरलेलं चामडं जावं कुठे? ओल्या तंतूंत थोडंफार सामावून जातं, तेवढ्या जागी चामडं किंचित जाड होतं. सामावण्याची ताकद संपली की चुणी पडते. खोली जितकी जास्त आणि कोपरा जितका टोकदार, तितकं उरणारं चामडं अधिक. म्हणून ज्याला कोपरा टोकदार हवा त्यानं खोली सोडावी, आणि ज्याला खोली हवी त्यानं कोपरा गोल करावा. दोन्ही मागितली की चामडं नाही म्हणतं. दीड-दोन सेंटिमीटर खोलीपर्यंत बोटभर गोलाव्याचा कोपरा एका तुकड्यात सुखानं बसतो. त्यापुढे जायचं तर बॅगेची बाजू वेगळी कापून शिवणं हाच शहाणपणा आहे, आणि पिढ्यानपिढ्या बॅगा करणाऱ्यांनी तेच केलं आहे.

बसवण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी कोपऱ्यांकडून तिरपं ओढावं, मग बाजू. बाजू आधी बसवल्या की जास्तीचं चामडं कोपऱ्यात कोंडतं. चौकटीबाहेरच्या पट्टीवर पडणाऱ्या चुण्यांची चिंता नको, तो भाग छाटायचाच असतो. शिवणीसाठी आठ-दहा मिलिमीटर सपाट पट्टी मिळाली की झालं.

खिळ्यांबद्दल एक सूचना, जी कोणीही सांगायला विसरू नये. फर्म्यावर चामडं ठोकायला लोखंडी खिळे वापरू नयेत. ओल्या चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड भेटले की निळा-काळा डाग पडतो. हिरडा आणि लोखंड यांपासून आपल्याकडे काळा रंग करत आले, तीच ही अभिक्रिया, फक्त नको त्या जागी. पितळी किंवा स्टेनलेस खिळे वापरावेत, आणि ओटा पुसून घ्यावा, कारण कानस चालवताना उडालेला लोखंडाचा बारीक कीसही ठिपके पाडतो. ताज्या डागावर लिंबाचा रस चालतो.

वाळवणं. इथे घाई करणारे सर्वांत जास्त नुकसान करून घेतात. पाणी जोरानं बाहेर पडलं तर बरोबर सुटं टॅनिन वर आणतं, दाणा काळवंडतो, कधी ठिसूळ होतो. हवेत, सावलीत, एक पूर्ण दिवस-रात्र, हा जुना सल्ला चुकलेला नाही. काही तासांनी चौकट काढून चामडं नुसत्या ठोकळ्यावर ठेवलं तर वारा दोन्हीकडून लागतो. मात्र ‘एक दिवस’ हे कोरड्या युरोपीय खोलीतलं माप आहे. कोकणात जुलैमध्ये हवाच पाण्यानं भरलेली असते. चामड्याला आपली ओल द्यायला जागाच नसते आणि तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशीचे पांढरे ठिपके दिसतात. तिथे पंखा लावावा, उष्णता नाही. विदर्भात मे महिन्यात नेमकं उलटं. चामडं इतक्या झपाट्यानं वाळतं की कडा आधी कडक होऊन मधला भाग ओढला जातो. तिथे पहिले काही तास ओलसर फडकं झाकून ठेवणं बरं.

ऊब द्यावी का, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. मध्ययुगीन युरोपात ‘क्वीर बुई’ म्हणजे उकळलेलं चामडं या नावानं ओळखलं जाणारं कडक चामडं होतं. त्याची चिलखतं होती, ढाली होत्या, पुस्तकांची आणि मौल्यवान भांड्यांची घरं होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘लक ऑफ ईडनहॉल’ नावाचा सीरियातून गेलेला काचेचा पेला आहे. त्याच्याबरोबर त्याचं पंधराव्या शतकातलं चामडी घरही आहे, पेल्याच्या आकाराचं, वर उठावाची नक्षी असलेलं. नाजूक काच शतकानुशतकं शाबूत राहिली यात त्या घराचा वाटा मोठा. कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये १३७६मध्ये वारलेल्या एडवर्ड राजपुत्राच्या समाधीवरची ढाल आहे, तिच्यावरची चिन्हंही चामड्यात घडवलेली आहेत.

पण ‘उकळलेलं’ म्हणजे नक्की काय केलेलं? कोणी म्हणे खरोखर उकळत, कोणी मेणात तळत, कोणी सरस पाजत. जॉन वॉटरर या ब्रिटिश चर्मकार-अभ्यासकानं, ज्यानं १९४६मध्ये चर्मकलेचं संग्रहालय स्थापन करण्यात पुढाकार घेतला, आग्रहानं मांडलं की या वस्तूंचं गमक उकळण्यात नव्हे, ओल्या घडणीत आणि बेताच्या उबेत वाळवण्यात आहे. नंतरच्या अभ्यासकांनी गरम पाण्याच्या आणि मेणाच्या पद्धतीही करून पाहिल्या आणि एकच एक कृती नसावी, वस्तूप्रमाणे ती बदलत असावी, या मताकडे बरेच जण आले. माझा कौल वस्तूंच्या बाबतीत वॉटररकडे आहे. उकळत्या पाण्यात नक्षीदार घर टिकणं कठीण, आणि त्याचं कारण रसायनात आहे.

ओल्या कोलॅजनला एका ठराविक तापमानाला पीळ सुटण्याची सीमा असते. कच्च्या कातड्यात ती साधारण ६५ अंश सेल्सियस, सालीच्या चामड्यात ७० ते ८५, क्रोमच्या चामड्यात शंभराच्या वर. ही सीमा ओलांडली की पिळलेले धागे उलगडून आखडतात. चामडं क्षणात आक्रसतं, जाड होतं, आणि वाळल्यावर टणक पण ठिसूळ होतं. वर सांगितलेली उकळत्या पाण्याची परीक्षा याच सीमेवर उभी आहे. चिलखताला हा टणकपणा उपयोगी पडला असेल. बॅगेच्या खिशाला नाही, कारण त्याला रोज वाकायचं असतं आणि माप चुकलेला खिसा कशालाच बसत नाही. पन्नास अंशांच्या आतली ऊब, वाहत्या हवेबरोबर, आणि तीही चामडं अर्धं वाळल्यानंतर, एवढी सूट मी देईन. हेअर ड्रायर हातभर अंतरावरून ठीक. स्वयंपाकाच्या भट्टीत ओलं चामडं ठेवणं म्हणजे त्या सीमेशी खेळणं.

ओलं कातडं आकारावर चढवून वाळवण्याची विद्या आपल्याकडेही जुनी आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना युरोपची वाट धरण्याची गरज नाही. तेला-तुपाचे चामडी बुधले आपल्या आजी-पणजीच्या पिढीच्या ओळखीचे होते. मातीच्या साच्यावर ओलं कातडं चढवायचं, वाळलं की आतली माती फोडून काढायची, की पोट मोठं आणि गळा अरुंद असं बिनजोडाचं भांडं तयार. रसेल आणि हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या १९१६च्या ग्रंथात छिंदवाड्याकडच्या बुदलगीर कारागिरांची नोंद आहे. रॉकेलच्या पत्र्याच्या डब्यानं त्यांचा धंदा जवळजवळ बुडवला होता, आणि लग्नाच्या वरातीतल्या मशालींचं तेल ठेवायला न्हावी तेवढे बुधले वापरत होते. बिकानेरला उंटाच्या कातड्याच्या कुप्प्या याच रीतीनं घडवतात आणि त्यांवर सोनेरी उस्ता नक्षी काढतात. हिसामुद्दीन उस्ता यांना या कलेसाठी १९८६मध्ये पद्मश्री मिळाली. सहारातले तुआरेग लोक मातीच्या साच्यावर कच्च्या कातड्याच्या डब्या करतात. तीन ठिकाणच्या कारागिरांना एकच वाट सापडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बुधल्यात तेल आणि तूप भरत, पाणी नाही. पाण्यासाठी कमावलेल्या चामड्याची पखाल असे, विहिरीवर मोट असे. कारण कच्चं कातडं ज्या पाण्यानं आकार घेतं त्याच पाण्यानं तो सोडतं. तेलाचं त्याला काही वाटत नाही. हा शहाणपणा आजच्या बॅगेलाही लागू आहे. ओल्या घडणीचा खिसा मुसळधार पावसात भिजला आणि तसाच चेपून ठेवला तर तो नव्या आकारात वाळेल. म्हणून घडण झाल्यावर राखण हवी. रंग, मग अगदी थोडं तेल, मग मेण. तेलाचा हात सैल सुटू देऊ नये, ते तंतूंना पुन्हा सरकू देतं आणि महिन्याभरात खिसा ढिला पडतो. जास्त कडकपणा हवा असेल तर वितळलेलं मधमाश्यांचं मेण उबदार चामड्यात मुरवावं. पाण्यापासून बचाव आणि ताठपणा दोन्ही एकदम मिळतात, मात्र रंग गडद होतो आणि ती वस्तू नंतर पुन्हा घडवता येत नाही.

आधी शिवावं की आधी घडवावं, हा वाद मी थोडक्यात आटपतो. म्यान आधी शिवून मग भिजवतात, कारण शिवणीसकट सगळं वस्तूवर बसायला हवं. खिसा आधी घडवून मग शिवतात, कारण त्याला सपाट पाया असतो. आधी शिवणाऱ्यानं पाण्यात सुटणारा पांढरा डिंक वापरू नये, रबरी चिकटवा वापरावा.

आता राहिला मघाचा प्रश्न. इथलं चामडं सोडून टस्कनीचं का? टस्कनीच्या कमावणाऱ्यांनी १९९४मध्ये संघ करून आपल्या चामड्याची ओळख आणि खात्री बांधली. त्यांचा प्रत्येक तुकडा सारख्या जाडीचा, सारख्या ओलीचा मिळतो. कोल्हापुरी पट्ट्यातलं चामडं चपलेसाठी तयार होतं. ते कुटून घट्ट केलेलं, जाडीला असमान, त्यावर ओरखडे असले तरी चालतात कारण तळाला ते दिसत नाहीत. त्यात २०१५च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचं कातडं दुर्मीळ झालं आणि भर म्हशीच्या कातड्यावर आला. म्हशीचा दाणा जाडाभरडा आणि वीण सैलसर, चष्म्याच्या नाजूक घरापेक्षा मोठ्या, रांगड्या बॅगेला ते जास्त शोभतं. पण हा दोष चामड्याचा नाही, मागणीचा आहे. चपलेच्या मागणीनुसार ते चपलेचं झालं. घडणीच्या बॅगांची मागणी कमावणाऱ्यांपर्यंत पोचली तर पिशवीत कमावलेलं पातळ, न कुटलेलं, दाणा जपलेलं चामडं ते देऊ शकतात, कारण बाभूळ, हिरडा आणि हात तेच आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेसारखी संस्था आणि राज्याचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ यांच्याकडे हे काम घेऊन जाण्यासारखं आहे. बॅगा करणाऱ्यांनीही कमावणाऱ्याकडे जाताना ‘चांगलं चामडं द्या’ एवढंच न म्हणता अंगाचा भाग, मिलिमीटरमधली जाडी, तेल किती कमी हवं आणि चामडं कुटायचं नाही, हे चार शब्द सांगावेत. मग घरी त्याच तुकड्याची एक पट्टी उकळत्या पाण्यात आणि एक ठोकळ्यावर टाकावी. मुरायला किती वेळ लागला, वाळायला किती, ठोकळ्यावरून काढल्यावर आठवड्यानं माप किती राहिलं, हे लिहून ते आकडे परत कमावणाऱ्याला दाखवावेत.